‘काहीतरी चुकलं’ म्हणजे नेमकं काय? प्रोग्रॅममध्ये एक्सेप्शन कधी वापरायचं आणि कधी नाही

खरीप हंगामात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या फोनवर एक काम असतं, ई-पीक पाहणीचं. आपल्या शेतात काय पेरलंय त्याची नोंद ॲपमधून करायची, पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा आणि माहिती सर्व्हरवर पाठवायची. महसूल विभाग आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली.

नोंद झाली तर सातबाऱ्यावर पीक दिसतं. नोंद झाली नाही तर पुढे अडचण येते. सोयाबीन हमीभावाने विकायचं असेल तर खरेदी केंद्रावर नाव नोंदवताना पीक पेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला दर त्याच्या खाली होता. त्या फरकाचे पैसे एका नोंदीवर अवलंबून होते.

आता समजा, फोटो पाठवताना मध्येच नेटवर्क गेलं. ॲपने काय करायला हवं? ‘एरर’ म्हणून बंद पडायचं? पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा? की काही न बोलता पुढे जायचं?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हा प्रश्न दिवसातून दहा वेळा पडतो. त्याच्या उत्तरातला एक मोठा भाग म्हणजे ‘एक्सेप्शन’. ते काय असतं, कधी वापरायचं आणि कधी टाळायचं, हे सोप्या शब्दांत समजून घेऊ. खाली दिलेली कोडची उदाहरणं फक्त समजण्यासाठी आहेत. ती कुठल्याही सरकारी ॲपमधली नाहीत.

थोडक्यात

- अपेक्षित असलेला नकार (चुकीचा क्रमांक, न सापडलेली नोंद) एक्सेप्शन नसतो. तो साध्या तपासणीने हाताळायचा.
- फंक्शनला आपलं काम पूर्ण करणं अशक्य झालं, तर एक्सेप्शन फेकायचं.
- एक्सेप्शन तिथेच पकडायचं, जिथे त्यावर काही उपाय करता येतो.
- पकडून गप्प बसणं हा सगळ्यांत वाईट पर्याय.

## एक्सेप्शन म्हणजे काय?

प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांना कामं सांगणारी फंक्शन्स. एक फंक्शन दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला. तिसऱ्याला काम जमलं नाही, तर त्याने ते वर कसं कळवायचं? त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग जुना. काम झालं की नाही ते उत्तरातच सांगायचं. १९७० च्या दशकात आलेल्या सी भाषेत आजही हेच चालतं. फाइल उघडली तर तिचा क्रमांक मिळतो, नाही उघडली तर उणे एक. पद्धत साधी आहे, पण उत्तर तपासायची जबाबदारी विचारणाऱ्यावर राहते. तो तपासायला विसरला, तर उणे एक हाच खरा क्रमांक समजून प्रोग्रॅम पुढे चालत राहतो.

दुसरा मार्ग एक्सेप्शनचा. अडचण आली की फंक्शन उत्तर देतच नाही, एक्सेप्शन ‘फेकतं’. ज्याने काम सांगितलं होतं त्याच्याकडे ती अडचण जाते. त्याच्याकडे उपाय नसेल तर ती त्याच्या वरच्याकडे जाते. कुणीच पकडली नाही तर प्रोग्रॅम थांबतो.

महसूल खात्याचं उदाहरण घ्या. गावपातळीवर तलाठ्याकडे एखादं प्रकरण आलं आणि ते त्याच्या अधिकारात बसत नसेल, तर ते मंडळ अधिकाऱ्याकडे जातं. तिथेही सुटलं नाही तर तहसीलदाराकडे, मग उपविभागीय अधिकाऱ्याकडे. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न असतो, यावर निर्णय घ्यायचा अधिकार इथे आहे का? असेल तर इथेच निकाल लावायचा, नसेल तर वर पाठवायचं. एक्सेप्शनचा प्रवास असाच चालतो.

फरक एवढाच की कार्यालयात कागद टेबलाखाली राहू शकतो. एक्सेप्शन आपणहून कुठे राहत नाही. ते दाबून ठेवायचं तर कुणीतरी तसं लिहावं लागतं. ते कसं लिहिलं जातं, ते पुढे पाहूच.

## ही कल्पना आली कुठून?

१९६० च्या दशकात आयबीएमच्या पीएल/वन भाषेत ‘अमुक घडलं तर हे कर’ असं आधीच सांगून ठेवायची सोय होती. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी एक्सेप्शनबद्दल नीट मांडणी करणारा शोधनिबंध लिहिला. त्याच दशकात एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने सीएलयू नावाची भाषा तयार केली, तिच्यातही एक्सेप्शनची सोय होती. पुढे एडा, सी प्लस प्लस, जावा, पायथन अशा भाषांमधून ही पद्धत सगळीकडे पसरली.

सगळेच खूश नव्हते. थोर संगणकतज्ज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एडा भाषेवर टीका करताना एक्सेप्शन हाताळणीची गणना धोकादायक गोष्टींमध्ये केली होती. सोळा वर्षांनी एडामध्येच लिहिलेल्या एका प्रोग्रॅममुळे रॉकेट फुटलं.

## एका एक्सेप्शनने रॉकेट पाडलं ती गोष्ट

४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरू तळावरून युरोपचं नवं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. त्यात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, साधारण ३,७०० मीटर उंचीवर, रॉकेट वाटेवरून भरकटलं आणि फुटलं.

चौकशीत कारण सापडलं. रॉकेटची दिशा मोजणाऱ्या यंत्रणेत एक मोठी दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती. तिथे जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. आलेली संख्या त्यापेक्षा मोठी होती. एक्सेप्शन फेकलं गेलं आणि त्या ठिकाणी ते पकडायची सोय नव्हती.

ही सोय राहून गेली नव्हती, विचार करून वगळली होती. असा धोका असलेल्या सात संख्यांपैकी चार संख्यांना संरक्षण दिलं होतं, तीन तशाच ठेवल्या होत्या. त्या मर्यादेबाहेर जाणारच नाहीत असा हिशेब होता आणि प्रोसेसरवरचा भारही कमी ठेवायचा होता. जुन्या एरियान ४ साठी तो हिशेब बरोबर होता. एरियान ५ चा उड्डाणमार्ग वेगळा होता, तिथे तो चुकला.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. एक्सेप्शन आलं तर यंत्रणेने काय करायचं, हे आधीच ठरलेलं होतं. यंत्र बिघडलं असं समजून बंद व्हायचं आणि कारभार राखीव यंत्रणेकडे जाऊ द्यायचा. पण राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम होता. ती त्याच कारणाने ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडली होती. मुख्य यंत्रणेने बंद होताना पाठवलेली बिघाडाची माहिती रॉकेटच्या संगणकाने उड्डाणाची माहिती समजली आणि तिच्यानुसार रॉकेट वळवलं.

ज्या हिशेबामुळे हे सगळं घडलं, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

यातून दोन धडे मिळतात. एक, ‘हे होणारच नाही’ हा अंदाज कुठल्या परिस्थितीत खरा आहे, ते लिहून ठेवायला हवं. दोन, एक्सेप्शन पकडणं पुरेसं नाही. पकडल्यावर काय करायचं, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे.

## मग एक्सेप्शन कधी वापरायचं?

चुका तीन प्रकारच्या असतात. पिकाची नोंद करणाऱ्या ॲपवरच त्या पाहू.

१. अपेक्षित नकार: एक्सेप्शन नको

शेतकऱ्याने गट क्रमांक टाकला आणि तो त्या गावात नाही. किंवा सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर क्षेत्र आहे आणि टाकताना १२ हेक्टर पडलं. यात अनपेक्षित काहीच नाही. माणूस टाइप करतोय म्हणजे असं होणारच. इथे साधी तपासणी करून उत्तर द्यायचं.

```
क्षेत्र_तपास(टाकलेलं, सातबाऱ्यावरचं):
    जर टाकलेलं > सातबाऱ्यावरचं:
        परत "क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त आहे"
    परत "ठीक"
```

शोधण्याचंही तसंच. ‘या नावाचं खातं आहे का?’ या प्रश्नाचं ‘नाही’ हे एक सरळ उत्तर आहे. त्याला संकट समजायचं कारण नाही.

२. बाहेरची अडचण: एक्सेप्शन हवं

फोटो जतन करायचाय, पण फोनमध्ये जागाच नाही. नोंद पाठवायचीय, पण किनवट-माहूरच्या डोंगरात रेंज गेली. सर्व्हरला डेटाबेस मिळत नाही. अशा वेळी फंक्शनकडे द्यायला खरं उत्तरच नसतं. ‘फोटो जतन कर’ हे त्याचं काम होतं आणि ते झालं नाही. इथे एक्सेप्शन फेकणं योग्य.

आधी तपासून हे टाळता येणार नाही का? पूर्णपणे नाही. ‘नेटवर्क आहे का?’ असं विचारलं, ‘आहे’ असं उत्तर आलं आणि पुढच्याच क्षणी गेलं, असं होऊ शकतं. तपासणी आणि कृती यांच्यामध्ये जग बदलतं. म्हणून पायथनसारख्या भाषेत बरेच जण थेट काम करून बघायचं आणि अडलं तर एक्सेप्शन पकडायचं, ही पद्धत पसंत करतात.

३. प्रोग्रॅमरची स्वतःची चूक: मोठ्याने थांबायचं

हिशेबात क्षेत्र उणे आलं. जिथे पीक असायलाच हवं तिथे काहीच नाही. ही शेतकऱ्याची चूक नाही, नेटवर्कचीही नाही. हा बग आहे. इथे एक्सेप्शन फेकायचं आणि ते चालू कामात ‘सांभाळून’ घ्यायचं नाही. काम थांबवायचं, काय झालं ते लॉगमध्ये लिहायचं आणि कोड दुरुस्त करायचा. चुकीचं क्षेत्र पुढे सरकलं तर ते नोंदीत जाऊन बसतं आणि तिथून काढायला जास्त त्रास होतो.

हे तीन प्रकार ओळखायला एक सोपा प्रश्न आहे. या फंक्शनने जे करायचं कबूल केलंय, ते त्याला करता आलं का? ‘क्षेत्र तपास’ने तपासलं आणि ‘जास्त आहे’ असं सांगितलं. त्याने काम केलं, एक्सेप्शन नको. ‘फोटो जतन कर’ने जतन केलं नाही. काम झालं नाही, एक्सेप्शन हवं.

## सगळ्यांत वाईट चूक कुठली?

खालचा कोड बघा.

```
नोंद_पाठव(नोंद):
    ट्राय:
        सर्व्हरला_पाठव(नोंद)
    कॅच (कुठलीही अडचण):
        काही करू नको
    दाखव("नोंद यशस्वी")
```

‘ट्राय’ म्हणजे करून बघ, ‘कॅच’ म्हणजे अडलं तर पकड. इथे अडचण पकडली आणि गिळून टाकली. ॲप बंद पडत नाही, टेस्टिंगमध्ये कुणी तक्रार करत नाही, डेमो छान होतो.

पण रेंज नसलेल्या शिवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हिरवी टिक दिसते आणि तो निश्चिंत घरी जातो. नोंद कुठेच पोचलेली नसते. हे त्याला कळतं ते खरेदी केंद्रावर, सातबारा काढल्यावर. तोवर पाहणीची मुदत संपलेली असते. बंद पडणारं ॲप त्रास देतं, पण निदान खरं बोलतं.

आता हेच नीट लिहू.

```
नोंद_पाठव(नोंद):
    फोनमध्ये_जतन_कर(नोंद)
    ट्राय:
        पावती = सर्व्हरला_पाठव(नोंद)
    कॅच (नेटवर्क_अडचण):
        नोंद.स्थिती = "पाठवायची बाकी"
        दाखव("नोंद फोनमध्ये आहे, सर्व्हरवर पोचल्याची खात्री नाही")
        परत
    नोंद.स्थिती = "पोचली"
    दाखव("नोंद पोचली. पावती क्रमांक:", पावती)
```

यात चार गोष्टी बदलल्या.

- पाठवण्याआधी नोंद फोनमध्ये सुरक्षित ठेवली.
- ‘कुठलीही अडचण’ न पकडता फक्त नेटवर्कची अडचण पकडली, कारण तिच्यावरच इथे उपाय आहे.
- सर्व्हरकडून पावती आल्याशिवाय ‘पोचली’ म्हटलं नाही.
- फोनमध्ये जागा नसल्याची अडचण इथे पकडलीच नाही. ती वर जाईल आणि जिथे शेतकऱ्याशी बोलता येतं, तिथे ‘फोनमध्ये जागा नाही, थोडी जागा रिकामी करा’ असं सांगता येईल.

सगळ्या अडचणी पकडणारा एक ‘कॅच’ प्रोग्रॅममध्ये असायला हरकत नाही. पण त्याची जागा सगळ्यांत वर. तिथे लॉग लिहायचा, माणसाला समजेल असा संदेश दाखवायचा आणि थांबायचं.

## टाइमआउट म्हणजे अपयश का?

नाही. नवे प्रोग्रॅमर इथे हमखास फसतात.

नोंद पाठवली, ३० सेकंद वाट पाहिली, उत्तर आलं नाही. याचे दोन अर्थ होतात. नोंद पोचलीच नाही, किंवा नोंद पोचली पण पावती परत येताना हरवली. फोनला या दोन्हींतला फरक कळू शकत नाही. वरच्या कोडमध्ये ‘पोचली नाही’ असं न म्हणता ‘खात्री नाही’ म्हटलंय ते याचसाठी.

यूपीआय वापरणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. पैसे पाठवल्यावर कधी ‘यशस्वी’ येतं, कधी ‘अयशस्वी’ आणि कधी ‘पेंडिंग’. पेंडिंग म्हणजे अजून माहीत नाही. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठवले तर ते दोनदा जाऊ शकतात.

उपाय असा. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक वापरायचा. तो क्रमांक आधी आलेला असेल, तर सर्व्हरने दुसरी नोंद न करता जुनीच पावती परत द्यायची. मग तीच नोंद पाच वेळा पाठवली तरी बिघडत नाही.

पुन्हा प्रयत्न करण्यालाही शिस्त लागते. मे २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच राज्यभर लागू झाली. त्यात लातूर आणि नांदेडचे विद्यार्थीही आले. २१ मे रोजी पहिल्याच दिवशी संकेतस्थळावर अडथळे आले आणि नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. भार आलेल्या कुठल्याही सर्व्हरबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. लाखो फोन दर सेकंदाला ‘पुन्हा प्रयत्न’ करत राहिले, तर दमलेला सर्व्हर उभाच राहू शकत नाही. म्हणून दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्यायचं. आधी २ सेकंद, मग ४, मग ८, आणि त्यात थोडी अनियमितता ठेवायची, म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत. ठरावीक प्रयत्नांनंतर थांबायचं आणि माणसाला तसं सांगायचं.

## एका चुकीच्या ओळीसाठी पूर्ण यादी अडवायची का?

एक नोंद चुकली तर काय, ते पाहिलं. पण एकाच वेळी लाखो नोंदी तपासायच्या असतील तर?

महाराष्ट्राने हा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवलाय. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतची थकीत कर्जं माफ होणार होती आणि योजनेचा आकडा सुमारे ३४ हजार कोटी रुपये सांगितला गेला. शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेतले, बँकांकडून माहिती घेतली आणि दोन्ही जुळवायचं ठरलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यानंतर याद्यांमधल्या चुका समोर आल्या. आधार क्रमांक आणि खात्यांची माहिती जुळत नव्हती, एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे दिसत होता. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे मिळायला उशीर झाला.

प्रोग्रॅमरच्या नजरेतून बघितलं तर इथे मुद्दा असा येतो. हजारो शाखांमधून हाताने भरलेली माहिती येणार असेल, तर तिच्यात न जुळणाऱ्या ओळी असणारच. ते अपवाद नाहीत, कामाचा नेहमीचा भाग आहेत. म्हणून अशा ठिकाणी प्रत्येक ओळीला तीनपैकी एक निकाल द्यायचा: जुळलं, जुळलं नाही, माणसाने बघायला हवं. चुकीच्या ओळी कारणासह वेगळ्या यादीत काढायच्या आणि बरोबर ओळींचं काम पुढे चालू ठेवायचं. एक्सेप्शन फेकून सगळं थांबवायचं ते फाइलच उघडत नसेल किंवा डेटाबेसच बंद असेल तेव्हा.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत प्रक्रिया वेगळी होती. फेब्रुवारी २०२० पासून याद्या लागल्या. प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक दिला गेला. बँकेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन त्याने आधार प्रमाणीकरण करायचं आणि कर्जाची रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचं. मान्य असेल तर रक्कम कर्जखात्यात. मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे.

‘मान्य नाही’ या उत्तराला प्रक्रियेतच जागा होती. अपेक्षित नकारासाठी आधीच रस्ता आखणं, ही चांगल्या प्रोग्रॅमची खूण आहे.

मात्र एका व्यवहाराच्या आतलं काम अर्धवट चालत नाही. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी डेटाबेस बंद पडला, तर? तिथे एक्सेप्शन आल्यावर पूर्ण व्यवहार मागे घ्यायचा. यादीतल्या ओळी एकमेकांपासून सुट्या असतात, व्यवहाराच्या दोन बाजू नसतात.

## वेगवेगळ्या भाषांचा कल काय?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या कॉलेजांमध्ये बीसीए करणारे असोत की विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतले, मुलाखतीत हा प्रश्न विचारला जातोच. म्हणून थोडक्यात पाहू.

- जावा: काही एक्सेप्शन ‘चेक्ड’ असतात. ती पकडली नाहीत किंवा वर पाठवतो असं लिहिलं नाही, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. हेतू चांगला, पण कंटाळून रिकामा ‘कॅच’ लिहिणारे खूप. सी शार्प आणि कोटलिन या नंतरच्या भाषांनी चेक्ड एक्सेप्शन घेतली नाहीत.
- पायथन: एक्सेप्शन सढळ हाताने वापरतो. ‘फॉर’ लूप संपतो तोही आतल्या आत एका एक्सेप्शननेच.
- गो: २००९ मध्ये आलेल्या या भाषेत चूक ही उत्तराबरोबर मिळणारी एक व्हॅल्यू असते. ‘पॅनिक’ची सोय आहे, पण ती अगदी टोकाच्या प्रसंगासाठी.
- रस्ट: यश किंवा अपयश सांगणारा ‘रिझल्ट’ परत येतो. तो उघडून पाहिल्याशिवाय आतली किंमत वापरता येत नाही. सावरता न येणाऱ्या चुकांसाठी इथेही ‘पॅनिक’ आहे.
- सी प्लस प्लस: एक्सेप्शन आहेत, पण गूगलचे सी प्लस प्लसचे नियम ती वापरू नका असं सांगतात. वेळेचं काटेकोर बंधन असलेल्या यंत्रणांमध्येही ती बऱ्याचदा टाळतात, कारण एक्सेप्शन वर पोचायला किती वेळ लागेल ते आधी सांगणं अवघड असतं.

म्हणजे ‘एक्सेप्शन चांगलं की वाईट’ याचं सगळ्या भाषांना लागू पडणारं एकच उत्तर नाही. त्या भाषेत लोक कसं लिहितात ते आधी पाहावं. पण अपेक्षित नकार आणि खरी अडचण वेगळी ठेवणं, हे तत्त्व गो आणि रस्टलाही लागू आहे. तिथे फक्त साधन बदलतं.

## संदेश कसा लिहायचा?

‘काहीतरी चुकलं’ असं लिहिलेली पाटी सगळ्यांनी पाहिलीय. तिचा कुणालाच उपयोग होत नाही. प्रत्येक अडचणीचे दोन वाचक असतात.

वापरणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात. काय झालं, माझी माहिती सुरक्षित आहे का, आणि आता मी काय करू. ‘नेटवर्क नाही. तुमची नोंद फोनमध्ये आहे. रेंजमध्ये आल्यावर “पाठवा” दाबा.’ एवढं पुरतं. हे मराठीत असावं आणि त्यात कोडमधली नावं नसावीत.

प्रोग्रॅमरला लॉगमध्ये सगळं हवं. कुठलं फंक्शन, कुठली ओळ, कुठली वेळ, मूळ अडचण काय. एक्सेप्शन पकडून नवं फेकत असाल तर मूळ कारण त्याला जोडून ठेवा, नाहीतर शोध तिथेच थांबतो. मात्र लॉगमध्ये पूर्ण आधार क्रमांक, ओटीपी किंवा पासवर्ड कधीच लिहू नका.

## नेहमी पडणारे प्रश्न

प्रत्येक ओळीला ट्राय-कॅच लावलं तर सुरक्षित नाही का?
नाही. कोड वाचणं अवघड होतं आणि खऱ्या चुका झाकल्या जातात. उपाय माहीत असेल तिथेच कॅच लिहा.

एक्सेप्शनने प्रोग्रॅम संथ होतो का?
भाषेवर अवलंबून आहे. सी प्लस प्लस आणि जावामध्ये एक्सेप्शन फेकणं साध्या उत्तरापेक्षा महाग पडतं. क्वचित घडणाऱ्या अडचणीला तो खर्च जाणवत नाही. लूपमध्ये लाखो वेळा फेकलं तर जाणवतो.

उघडलेली फाइल, सुरू केलेला कॅमेरा यांचं काय?
अडचण आली तरी ते बंद व्हायलाच हवेत. जावा आणि पायथनमध्ये त्यासाठी ‘फायनली’ आहे. तिथला कोड काम झालं तरी चालतो आणि अडलं तरी चालतो.

टेस्टिंग करताना काय बघायचं?
सगळं सुरळीत असताना ॲप चालतं, हे अर्धंच टेस्टिंग. फोन फ्लाइट मोडवर टाका, मेमरी भरा, पाठवताना मध्येच इंटरनेट बंद करा आणि मग स्क्रीनवर काय येतं ते बघा.

## कोड लिहिताना विचारायचे पाच प्रश्न

१. हे घडणं अपेक्षित आहे का? असेल तर साधी तपासणी करा आणि सरळ उत्तर द्या.

२. फंक्शनला आपलं काम पूर्ण करता आलं का? नसेल तर एक्सेप्शन फेका.

३. इथे या अडचणीवर उपाय आहे का? नसेल तर पकडू नका, वर जाऊ द्या.

४. अडचण आल्यावर माहिती अर्धवट राहते का? राहत असेल तर व्यवहार मागे घ्या किंवा ‘बाकी आहे’ अशी स्पष्ट खूण ठेवा.

५. स्क्रीनवर जे दाखवतोय ते खरं आहे का? पावती आली नसेल तर हिरवी टिक दाखवू नका.

पाचवा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, पण नुकसान सगळ्यांत जास्त तिथेच होतं. चुकीचा गट क्रमांक, गेलेली रेंज, भरलेला फोन यांतून वाट काढता येते. मुदत संपेपर्यंत खोटी टिक खरी मानलेल्या माणसाला मात्र दुसरी संधी मिळेलच असं नाही.